इंदूरचें खत

जमिनीचा कस हा शेतकऱ्याचा खरा ठेवा होय. दर हंगामास त्यांतला कांहीं अंश दाण्याबरोबर घरांत, कडब्याबरोबर गोठ्यांत आणि गळिताच्या धान्याबरोबर बाजारांत जातो. गेलेलें परत न आल्यास हा ठेवा हळूहळू आटत जातो. तें परत कसें आणावें, या जुन्या प्रश्नाचें एक शास्त्रशुद्ध उत्तर माळव्यांत, इंदूर येथें, १९२४ ते १९३१ या काळांत सिद्ध झालें.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ सालीं बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषिसंशोधन संस्थेंत आले. तेथें त्यांनीं व त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनीं गव्हाच्या सुधारलेल्या जाती काढून लौकिक मिळविला. परंतु उत्तम बीं निःसत्त्व जमिनींत पेरून काय उपयोग? शिवाय पुसा येथें प्रत्येक शास्त्राचा सवतासुभा होता. शेताचा समग्र विचार करण्यास तेथें वाव नव्हता. पुढें होळकर दरबारनें जमीन दिली, मध्यवर्ती कापूस समितीनें व मध्य हिंदुस्थानांतील संस्थानांनीं पैशाचें साहाय्य केलें आणि १९२४ सालीं इंदुरास नवी संस्था उभी राहिली.

शेणाचें मोल शेतकऱ्यास ठाऊक नव्हतें, असें मुळींच नाहीं. सरपणाच्या अभावीं त्याला गोवऱ्या थापाव्या लागत. गोमूत्र गोठ्याच्या भुईंत जिरून जाई आणि पऱ्हाट्या व तुराट्या बहुधा चुलींत जात. उरलेला काडीकचरा तसाच नांगरून गाडावा, तर तो कुजविणारे सूक्ष्म जंतु जमिनींतील नत्र स्वतःच खाऊन टाकतात आणि उभें पीक पिवळें पडतें. म्हणून कुजण्याची क्रिया शेताबाहेरच पुरी व्हावयास हवी होती.

चिनी शेतकरी हें काम शतकानुशतकें करीत आले होते. अमेरिकेचे प्राध्यापक एफ्. एच्. किंग यांनीं १९०९ सालीं चीन, कोरिया व जपान या देशांत हिंडून त्याचें वर्णन केलें. त्यांचा ग्रंथ १९११ सालीं प्रसिद्ध झाला. हॉवर्ड यांनीं तो धडा घेतला आणि संस्थेंतील रसायनज्ञ यशवंत वाड यांच्या साहाय्यानें त्याला प्रयोगाची व मोजमापाची जोड दिली.

खड्डा सुमारें ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोनतीन फूट खोल असे. कठीण पऱ्हाट्या गाडीवाटेवर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखालीं चुरडून घेत. मग काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यांतील माती आणि राख यांचे थर देऊन त्यांवर पाणी शिंपडीत. माती व राख आंबटपणा मारीत. सुमारें पंधरवड्यानें, महिन्यानें व दोन महिन्यांनीं, अशी तीनदां उलथापालथ होई आणि तीन महिन्यांत काळें, भुसभुशीत खत हातीं येई. आरंभीं कर्बाचें प्रमाण नत्राच्या सुमारें ३३ पट ठेवीत. अखेरीस तें १० पटीवर येई. दुर्गंधि सुटली वा माशा जमल्या, तर आंत हवा खेळत नाहीं असें समजावें.

१९३१ सालीं हॉवर्ड व वाड यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षीं हॉवर्ड स्वदेशीं परतले. चहा-कॉफीच्या मोठ्या मळ्यांनीं ही पद्धत उचलली. १९३५ सालीं महात्मा गांधींनीं ही संस्था पाहिली. परंतु ज्याच्यासाठीं हा खटाटोप झाला, त्या लहान शेतकऱ्याच्या दारीं ती सहजीं रुजली नाहीं. ऐन उन्हाळ्यांत विहीर आटलेली असतांना खड्ड्यास पाणी कोठून घालावें? पेरणीच्या घाईंत उलथापालथीस माणसें कोठून आणावीं? आणि शेण खड्ड्यांत गेलें, तर चूल कशानें पेटवावी? हा दोष आळसाचा नव्हे, दारिद्र्याचा होता.

या पद्धतीस आणखीहि एक मर्यादा आहे. खड्डा द्रव्यें फिरवितो, शून्यांतून निर्माण करीत नाहीं. हवेंतील नत्र द्विदल पिकें जमिनींत आणूं शकतात. परंतु दाण्यांतून शहरांत गेलेलें स्फुरद व पालाश खेड्यांतल्या खड्ड्यास कोठून मिळणार? चीनमध्यें शहराचा मैला शेताकडे परत जाई, म्हणून तें वर्तुळ पुरें होत होतें. येथें तें अर्धेंच राहिलें. इंदूरच्या खड्ड्यानें खेड्यास आपलें कर्तव्य शिकविलें. शेतांतून येणाऱ्या प्रत्येक घासाचें देणें मात्र शहराच्या नांवावर अजून तसेंच आहे.