आधी मोज, मंग बोल

आमच्या घरात मोजमाप आलं ते सुताचं. वडील पहाटे कातायला बसत आणि कातून झालं की सूत फाळक्यावर चढवून तार मोजत. चार फुटांचा एक तार, 640 तारांची एक गुंडी. गुंडी तोलली की सुताचा अंक निघे. वजनाला जितकी हलकी, तितका अंक चढा. महिनाअखेर गुंड्या वर्ध्याजवळच्या गोपुरीच्या खादी केंद्राला जात, आणि प्रत्येकीला अंक व तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधलेली असे. नुसत्या हाताला लागलेल्या बारीकपणावर वडिलांचा भरवसा नव्हता.

1978 साली मी वर्ध्याच्या बाजारात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागलो. तिथे मीटर एकच, तोही कपाटात कुलपाखाली. त्याची किंमत माझ्या पगाराच्या कितीतरी पट होती. उस्ताद किल्ली काढत, मीटर फडक्यावर ठेवत आणि मी काही बोलायला गेलो की म्हणत, "आधी मोज, मंग बोल." दुकानात मी या वाक्याएवढं दुसरं काही शिकलो नाही.

मीटर मोटवाने कंपनीचा, नाशिक रोडचा. या नावाशी आमच्या जिल्ह्याचा धागा जुना आहे. ज्ञानचंद मोटवाने यांनी 1909 मध्ये सिंधमधल्या सक्कर इथे धंदा सुरू केला. पुढे तो शिकागो रेडिओ या नावाने देशभर ओळखला गेला. काँग्रेसच्या सभांना आणि गांधीजींच्या भाषणांना लाऊडस्पीकर त्यांचे असत. 14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांना चले जाव म्हणणारा ठराव केला, तो इथे वर्ध्यातच. ऑगस्टमध्ये मुंबईत पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनी 42.34 मीटर तरंगलांबीवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तो पकडला. खटल्यात ज्ञानचंदांचे चिरंजीव नानिक मोटवानेही आरोपी होते. ते निर्दोष सुटले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. उस्तादांना हे सगळं तोंडपाठ होतं, आणि मीटर पुसताना ते हमखास सांगत.

मुळात एकाच खोक्यात अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजायची कल्पना इंग्लंडच्या टपाल खात्यातल्या डोनाल्ड मॅकेडी यांची. त्यांचा अ‍ॅव्हो 1923 मध्ये बाजारात आला, आणि आमच्याकडची आयटीआयची जुनी माणसं अजूनही कुठल्याही मीटरला अ‍ॅव्होमीटरच म्हणतात.

काट्याच्या मीटरवर आम्ही कंडेन्सर बघायचो तो असा. मीटर ओहमवर लावायचा, कंडेन्सर आधी डिस्चार्ज करून घ्यायचा आणि वायरी टेकवायच्या. काटा उसळून सावकाश मागे आला तर माल बरा. शून्याला चिकटून बसला तर शॉर्ट. मधेच थबकला तर लीक. हललाच नाही तर आतून तुटलेला. काट्याची ती झेप बघता बघता डोळा तयार होतो, आजही मला त्या झेपेत गोडी वाटते. (ओहमवर काळ्या वायरीला प्लस येतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं; पहिल्या महिन्यात मी चांगले डायोड उलटे ठरवत होतो.) पण काटा आकडा सांगत नव्हता. 2.5 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर 1.6 वर आला तरी झेप जवळजवळ तीच.

आणि वर्ध्यात तर मरतो कंडेन्सरच. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. पत्र्याखाली, कूलरच्या मोटरीशेजारी, टीव्हीच्या बंद डब्यात त्याहून जास्त. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. आतला द्रव वाळत जातो. पंख्याचा कंडेन्सर वेगळ्या जातीचा, पण उन्हाने तोही झिजतो, आणि मग घरचे म्हणतात, पंखा म्हातारा झाला.

पुढे 7106 या चिपवर चालणारे आकड्यांचे मीटर आले आणि पिवळा 830 घरोघरी पोचला. नऊ व्होल्टची बॅटरी, 1999 पर्यंतचे आकडे, आज दोन-तीनशे रुपये. कपाटाचं कुलूप त्याने कायमचं उघडलं, हे मी कृतज्ञतेने लिहितो. सेल, रेझिस्टन्स, डायोड, तुटलेली वायर, यांना तो पुरतो. पण साध्या 830 मध्ये कंडेन्सर मोजायची सोय नाही, आणि दहा अँपिअरच्या भोकाला बहुधा फ्यूज नसतो. त्या भोकात वायर ठेवून कोणी घरच्या लाइनीचे व्होल्ट मोजायला गेला तर तो थेट शॉर्ट मारतो.

म्हणून मला कोणी विचारलं की मी किंमत शेवटी सांगतो. आधी विचारतो, घरात काय बिघडतं? पंखा, कूलर, मोटर असेल तर निदान 20 मायक्रोफॅरडपर्यंत मोजणारा मीटर घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी. सुटे भाग जमवून काही बांधणाऱ्या पोरांना मी तीन पायांचा टेस्टर सुचवतो. जर्मनीतल्या मार्कुस फ्रेयेक यांनी तो रचला, कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी वाढवला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्याचीच स्वस्त रूपं आज पाकिटात येतात. ट्रान्झिस्टरचे पाय ओळखतो, आणि कंडेन्सरचा नुसता आकडाच नाही, आतला अडथळाही दाखवतो. आकडा बरोबर पण अडथळा चढलेला, हे दुखणं काट्याला कधी सापडलं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात शेजारची नववीतली मुलगी पंख्याचा कंडेन्सर घेऊन आली. "काकाजी, याच्यावर अडीच लिवलं हाय, पण माया मीटर एक पॉइंट चार दाखवते. मीटर खराब हाय का?" आम्ही दुसऱ्या मीटरवर लावला. 1.4 च. संध्याकाळी नवा आणला, तो तिने बसवायच्या आधी मोजला, 2.48 निघाला, आणि मी काही सांगायच्या आत तिने पेनाने त्याच्या अंगावर आकडा आणि तारीख लिहिली.