खेकडा आणि वारूळ : मद्रासमधील स्तनकर्करोगाचे निदान

मराठीतील 'कर्करोग' खेकड्याच्या प्रतिमेवर उभा आहे. गेलन या ग्रीक वैद्याने तिचे मर्म स्तनाच्या गाठीवरूनच उलगडले: भोवतालच्या फुगलेल्या शिरा त्याला खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. तमिळ 'पुट्रुनोय' मात्र 'पुट्रु' म्हणजे वारूळ या शब्दावरून घडला. पहिल्या प्रतिमेत डोळ्यांना दिसणारे दुखणे आहे. दुसरीत आतल्या आत पोखरून उशिरा वर येणारे. मद्रासच्या रुग्णस्त्रियांचा इतिहास दुसरीला अधिक जवळचा वाटतो.

डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची धाकटी बहीण १९२३ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाने गेली; आरंभी तो आमांश समजला गेला होता. चुकलेल्या निदानाचे ते शल्य अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या मुळाशी आहे. १९५४ मध्ये ती बारा खाटांनिशी सुरू झाली. मुथुलक्ष्मींचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती आणि १९५५ मध्ये रुजू झालेल्या डॉ. व्ही. शांता यांच्यापुढे स्तनाची गाठ घेऊन येणाऱ्या स्त्रिया बहुधा फार उशिराच येत. लगेच शस्त्र चालवणे व्यर्थ ठरे. म्हणून आधी किरणोपचार व औषधोपचार, गाठ आकसली की शस्त्रक्रिया, असा क्रम तेथे रुजला. हा क्रम जितका वैद्यकाचा, तितकाच स्त्रियांच्या संकोचाचा व दारिद्र्याचा. पाश्चात्त्य ग्रंथांतील प्रारंभावस्थेतील रुग्ण येथे क्वचितच भेटे.

१९८०च्या दशकात सुरू झालेल्या मद्रासच्या कर्करोग नोंदणीत प्रथम गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रभागी होता. पुढे ती जागा स्तनाच्या कर्करोगाने घेतली.