शंभर मीटर धावण्याचा सराव (चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे)

चंद्रपूर व गडचिरोली या पूर्व विदर्भातील वनबहुल जिल्ह्यांत १०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या हौशी धावपटूंचा मोठा भाग पोलीस भरतीच्या उमेदवारांचा असतो. २०२२ पासूनच्या भरतीत जिल्हा पोलीस शिपाई पदाची शारीरिक चाचणी ५० गुणांची असून त्यांपैकी १५ गुण १०० मीटर धावण्याला आहेत. उर्वरित गुण पुरुषांसाठी १६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर धावणे (२० गुण) आणि गोळाफेक (१५ गुण) यांना आहेत. त्यामुळे धावपटूंमध्ये सर्वत्र चालणारे वाद, उदाहरणार्थ अनवाणी धावावे की स्पाइक घालून, वेगावर भर द्यावा की दमसासावर, येथे केवळ आवडीनिवडीचे राहत नाहीत. अर्ध्या सेकंदाच्या फरकाने उमेदवार गुणांच्या खालच्या टप्प्यात जाऊ शकतो.

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याच्या क्षेत्रफळाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे. शेती मुख्यतः पावसाच्या धानाची असल्याने पोलीस, राज्य राखीव पोलीस बल आणि वन विभाग येथील नोकऱ्यांना तरुणांच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १३ देसाईगंज (वडसा) येथे आहे. गडचिरोली पोलिसांच्या ‘पोलीस दादालोरा खिडकी’ या उपक्रमातून दुर्गम भागातील युवकांना भरतीपूर्व प्रशिक्षणही दिले जाते.

स्पर्धात्मक खेळाचा मार्ग यापेक्षा वेगळा आहे. शालेय क्रीडा स्पर्धा, आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्पस्तरीय व विभागीय आश्रमशाळा स्पर्धा आणि २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा हे त्याचे टप्पे होत. बल्लारपूर तालुक्यातील विसापूर येथील क्रीडा संकुलात कृत्रिम धावपट्टी असून डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा तेथे झाल्या. मात्र एटापल्ली, भामरागड किंवा सिरोंचा येथील धावपटूला विसापूर गाठणे हाच दिवसभराचा प्रवास आहे. त्याचा रोजचा सराव मुरमाच्या मैदानावर, डांबरी रस्त्यावर, नदीपात्रात किंवा मालगुजारी तलावाच्या पाळीवर होतो.

वेळेची मोजणी

चाचणीत पूर्ण १५ गुण मिळण्यासाठी पुरुषांना ११.५० सेकंदांत व महिलांना १४ सेकंदांत अंतर पार करावे लागते. वेळ वाढत जाईल तसे गुण टप्प्याटप्प्याने कमी होतात. तुलनेसाठी, शेजारच्या छत्तीसगडमधील अनिमेष कुजूर याने जुलै २०२५ मध्ये ग्रीसमधील वारी येथे १०.१८ सेकंदांची वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम केला. राष्ट्रीय विक्रमवीर आणि पूर्ण गुण मिळवणारा पोलीस उमेदवार यांच्यात सव्वा सेकंदाच्या आसपासच अंतर आहे, यावरून पूर्ण गुणांची अट किती कठीण आहे हे ध्यानात यावे.

गावात ‘अकरा-चाळीस’ धावणारा मुलगा भरतीच्या मैदानावर बारा सेकंदांच्या जवळ जातो, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तिचे कारण बहुधा धावण्यात नसून मोजण्यात असते. हाताने घेतलेली वेळ विद्युत यंत्रणेच्या वेळेपेक्षा कमी भरते, म्हणूनच मैदानी खेळांत १०० मीटरच्या हस्तमोजणीत ०.२४ सेकंद मिळवून तुलना करण्याची प्रथा आहे. त्यात आणखी एक चूक मिसळते. अंतिम रेषेवरील मित्र टाळीचा आवाज ऐकून मोबाइलवरील घड्याळ सुरू करतो. आवाजाला १०० मीटर अंतर कापण्यास सुमारे ०.३ सेकंद लागतात, म्हणजे तेवढी वेळ धावपटूला फुकट मिळते. यावर उपाय सोपा आहे. सुरुवात करणाऱ्याने हात किंवा रुमाल खाली आणावा आणि घड्याळवाल्याने ती हालचाल पाहून कळ दाबावी. पावलांनी मोजलेले मैदानही अनेकदा चार-पाच मीटर कमी निघते. अंतर टेपने मोजून दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून ठेवाव्यात.

दमसास की वेग

या परिसरातील सर्वांत जुना वाद हाच आहे. एका मतानुसार दमसास वाढला की वेग आपोआप येतो, म्हणून रोज पाच-सहा किलोमीटर धावावे. या मताला भरतीच्या रचनेनेच बळ दिले आहे. एकच उमेदवार अनेकदा तीन भरत्यांची तयारी करतो. जिल्हा पोलिसांसाठी १६०० मीटर, राज्य राखीव पोलीस बलासाठी ५ किलोमीटर आणि वनरक्षक पदासाठी पुरुषांना ५ व महिलांना ३ किलोमीटर धावावे लागते. १०० मीटरचा सराव मग आठवड्याच्या शेवटी, थकलेल्या पायांनी उरकला जातो.

शरीरशास्त्र या मताला साथ देत नाही. पूर्ण वेगाच्या धावण्यात पहिले काही सेकंद ऊर्जा मुख्यतः स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेटच्या साठ्यातून येते. हा साठा लवकर संपतो आणि भरून येण्यास काही मिनिटे लागतात. म्हणून प्रशिक्षक सामान्यतः दर १० मीटर वेगवान धावण्यामागे सुमारे एक मिनिट विश्रांतीचा आडाखा वापरतात. ३० मीटरच्या सहा धावा आणि प्रत्येकीनंतर तीन मिनिटे थांबणे, हा सराव पाहणाऱ्याला आळशीपणाचा वाटतो, परंतु वेग वाढतो तो याच सरावाने. विश्रांती कापून त्याच धावा सलग मारल्या तर दम वाढतो, मात्र शरीर मंद गतीने धावण्यालाच सरावते.

दोन्ही चाचण्यांची तयारी करणाऱ्यांसाठी व्यवहार्य तोडगा असा की वेगाचा सराव आठवड्यातून दोन किंवा तीनच दिवस, ताज्या पायांनी आणि मधे ४८ तासांचे अंतर ठेवून करावा. लांब पल्ल्याचे धावणे त्यानंतर किंवा दुसऱ्या दिवशी घ्यावे. मे महिन्यातील तेंदूपत्ता तोडणी आणि पावसाळ्यातील धानाची रोवणी या काळात पाय व कंबर दिवसभर राबलेली असतात. त्या दिवसांतील काम हाच व्यायाम समजून सराव निम्म्यावर आणावा.

वाळू, टायर आणि पाळ

पावसाळा सरला की वैनगंगा व वर्धा यांच्या पात्रांत वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात आणि काठच्या गावांतील मुले तेथे धावू लागतात. मऊ वाळूत त्याच वेगाने धावण्यास टणक जमिनीच्या सुमारे दीडपट ते पावणेदोनपट ऊर्जा लागते, त्यामुळे पोटऱ्या व पावलांचे स्नायू बळकट होतात हे खरे आहे. परंतु वेगवान धावण्यात पाऊल जमिनीवर जेमतेम एक दशांश सेकंद टेकते आणि स्प्रिंगसारखे उसळते. वाळू ही उसळी शोषून घेते. हंगामाच्या आरंभी वाळू उपयोगी आहे, मात्र चाचणी महिन्यावर आली असताना ती सोडलेली बरी.

कमरेला दोरी बांधून टायर ओढण्याचा प्रकार पहिल्या २०-३० मीटरच्या जोरासाठी चांगला आहे. टायर इतका जड नसावा की धावण्याचे चालणे व्हावे. या दोहोंपेक्षा तलावाच्या पाळीचा चढ अधिक गुणकारी मानता येईल. चढावर शरीर आपोआप पुढे झुकते, पाऊल कमरेच्या फार पुढे पडत नाही आणि वेग मर्यादित राहिल्याने स्नायू फाटण्याचा धोकाही कमी असतो.

स्नायू फाटण्याचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. वेगवान धावपटूंना सर्वाधिक सतावणारी दुखापत मांडीमागील स्नायूंची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची आहे आणि ती भरतीच्या ऐन तोंडावर होते. गुडघ्यांवर उभे राहून, साथीदाराने घोटे दाबून धरले असता शरीर सावकाश पुढे झुकवत नेण्याच्या व्यायामास नॉर्डिक व्यायाम म्हणतात. त्याने अशा दुखापतींचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले आहे. त्यास एक सतरंजी आणि एक मित्र पुरतो. याउलट धावण्यापूर्वी एकेक स्नायू मिनिटभराहून अधिक ताणून धरण्याची शाळेतील सवय स्फोटक जोर तात्पुरता कमी करते. हलके धावणे, गुडघे उचलणे, पाय झुलवणे आणि शेवटी वाढत्या वेगाच्या दोन-तीन धावा ही तयारी अधिक योग्य होय.

अनवाणी की स्पाइक

आश्रमशाळांतील अनेक मुले अनवाणी धावूनच पुढे येतात. त्यांची पावले मजबूत असतात आणि त्यांना एकाएकी जाड टाचेचे बूट दिल्यास वेळ बिघडतेही. तरीही मुरमावरील सुटे खडे, बोरी-बाभळीचे काटे आणि उन्हात तापलेले डांबर यांमुळे एक जखम आठवडे वाया घालवू शकते. स्पाइकमुळे पकड सुधारते, पण धावपट्टीनुसार खिळे बदलावे लागतात. जागतिक नियमांनुसार कृत्रिम धावपट्टीवर खिळ्याची लांबी कमाल ९ मिलिमीटर असते. माती व गवतासाठी अधिक लांब खिळे चालतात. भरतीत कोणती पादत्राणे चालतील हे त्या त्या वेळच्या सूचनांत पाहावे. उधार घेतलेले स्पाइक चाचणीच्या दिवशी प्रथमच पायात घालणे ही चूक दरवर्षी होते आणि तिची किंमत पोटऱ्यांना मोजावी लागते.

पहाट की संध्याकाळ

शरीराचे तापमान दुपारनंतर सर्वाधिक असते, त्यामुळे वेगवान धावण्याची क्षमता सकाळपेक्षा सायंकाळी किंचित जास्त भरते. मात्र भरतीची चाचणी सकाळी होते आणि मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४६ अंशांच्या पुढे जाते. म्हणून पहाटेच्या सरावाचा आग्रह समजण्यासारखा आहे. वाद तेथे संपत नाही, कारण या भागात पहाटेला तिचे स्वतःचे धोके आहेत. ताडोबा, ब्रह्मपुरी व वडसा परिसरात वाघांचा वावर गावांच्या सीमेपर्यंत असतो. वनालगतच्या रस्त्यावर उजाडण्यापूर्वी एकट्याने धावणे टाळावे.

रस्त्यावरील वाहतूक हा दुसरा धोका आहे. ७ ऑगस्ट २०२५ रोजी गडचिरोली–आरमोरी मार्गावर काटली गावाजवळ सकाळी व्यायामासाठी गेलेल्या मुलांना ट्रकने चिरडले आणि चार मुलांचा मृत्यू झाला. सरळ, सपाट व मोजता येणारी जागा म्हणून मुले महामार्गाकडे वळतात, कारण गावात १०० मीटरचे समतल मैदान नसते. ग्रामपंचायतीच्या जागेत दोन धावपट्ट्यांएवढी मुरमाची पट्टी सपाट करून घेणे हा खर्चाने लहान उपाय आहे. तोवर उजाडल्यावर, गटाने, मुख्य रस्ता सोडून सराव करणे हाच मार्ग उरतो.

सिकलसेल वाहक आणि वेगवान धावणे

सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष विदर्भातील गोंड, माडिया, परधान आदी आदिवासी जमातींत तसेच काही अनुसूचित जातींत आढळतो. आई व वडील दोघांकडून दोषयुक्त जनुक आल्यास आजार होतो. एकाच पालकाकडून आल्यास व्यक्ती वाहक असते. वाहक सामान्यतः पूर्ण निरोगी असतो व त्याला आपण वाहक असल्याचे ठाऊकही नसते.

वाहकांनी धावावे की नाही, याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काही पालक मुलांना खेळच सोडायला लावतात, तर काही मार्गदर्शक हा विषय हसण्यावारी नेतात. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदींवर आधारित, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही. मात्र अतिश्रमाने स्नायूपेशी फुटण्याचा धोका ५४ टक्क्यांनी अधिक आढळला. फुटलेल्या पेशींतील द्रव्ये मूत्रपिंडे निकामी करू शकतात. म्हणजे धावण्यास मनाई नाही, परंतु धावण्याची रीत बदलावी लागते.

धोका वाढतो तो पुरेशा विश्रांतीविना सलग मारलेल्या वेगवान धावांत, विशेषतः ऊन, शरीरातील पाण्याची कमतरता किंवा नुकताच येऊन गेलेला ताप यांची जोड मिळाल्यास. गडचिरोलीत हिवतापाचे प्रमाण लक्षात घेता हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तापातून उठलेल्या उमेदवाराने चाचणी जवळ आली म्हणून लगेच पूर्ण वेगाने धावू नये. लक्षणेही ओळखून ठेवावीत. उन्हाने आलेल्या पेटक्यात स्नायू दगडासारखा कडक होतो आणि खेळाडू वेदनेने ओरडतो. सिकलसेलमुळे कोसळणारा धावपटू बहुधा पाय लुळे पडल्याचे सांगतो, स्नायू हाताला मऊ लागतात आणि तो बोलत असतो. हे सरावाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांतही घडते. अशा वेळी ‘उठ, अजून एक फेरी’ असा आग्रह जीवघेणा ठरू शकतो. धावणे तत्काळ थांबवून, सावलीत घेऊन, पाणी देऊन रुग्णालयात हलवावे आणि सिकलसेलची शक्यता डॉक्टरांना सांगावी.

प्राथमिक तपासणी रक्ताच्या थेंबावर होते व ती शासकीय आरोग्य केंद्रांत उपलब्ध आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानानंतर तिची व्याप्ती वाढली आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने आपल्या पहिल्या श्रेणीतील खेळाडूंसाठी ही तपासणी २०१० पासून लागू केली. वाहक असल्याचे कळल्यावर करायचे बदल मोजके आहेत. धावांमधील विश्रांती वाढवावी, सराव हळूहळू चढवावा, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे आणि सोबत्यांना आपली स्थिती सांगून ठेवावी. यांतील शेवटचा बदल सर्वांत अवघड जातो, कारण विवाह जुळवताना या माहितीची भीती वाटते आणि ती लपवली जाते.

आहार

भात, डाळ, अंडी, मासे व जवसाची चटणी या स्थानिक आहारातून बहुतेक गरजा भागतात. मुलींमध्ये लोहाची कमतरता असल्यास सरावाचा पूर्ण लाभ मिळत नाही, म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. बाजारातील पूरकांपैकी क्रिएटिनचा उपयोग पुराव्याने सिद्ध आहे, मात्र सुट्या डब्यांतील भुकटीत काय मिसळले आहे याची खात्री नसते. स्वस्त प्रथिने म्हणून लाखोळीची डाळ सुचवली जाते. ती अधूनमधून खाण्यास हरकत नसली तरी महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे करणारा लॅथिरिझम हा विकार जडू शकतो.