ज्याला आमच्या घरी ‘औषध’ म्हणतात

आमच्या घरी कीटकनाशक हा शब्द कुणी वापरत नाही. ‘पऱ्हाटीवर औषध मारलं का?’ असंच बाबा विचारतात. इंजिनिअरिंगला जाईपर्यंत मला त्यात काही खटकलं नव्हतं.

या ‘औषधा’मुळे १९५८ साली केरळात शंभरहून जास्त माणसं मेली. गव्हाच्या पिठात पॅराथिऑन मिसळलं गेलं होतं. कीटकनाशकांचा कायदा आला थेट १९६८ मध्ये. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा रंग त्या कायद्याखालच्या नियमांतला. लाल म्हणजे सगळ्यात जहाल.

कापसाची गोष्ट मात्र नुसती विषाची नाही. १९८०च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड आली, तेव्हा हिरवी बोंडअळी पटापट मरायची. बाबांना ते हंगाम अजून आठवतात. पण फवारणीतून ज्या थोड्या अळ्या वाचत, त्यांचीच पिलावळ वाढत गेली. १९८७-८८ मध्ये आंध्रातल्या गुंटूरकडे पुन्हा पुन्हा फवारूनही पीक गेलं, कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले. मग २००२ मध्ये बीटी बियाणं आलं. काही वर्षं फवारण्या खरंच कमी झाल्या. नंतर तुडतुडे, पांढरी माशी वाढली, आणि गुलाबी बोंडअळी बीटीलाही जुमानेनाशी झाली. (आमच्या कामात एका पॅचमधून दुसरा बग निघतो, तसंच काहीसं. फक्त आमचा सर्व्हर पडला तर कुणी मरत नाही.)

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, त्यामुळे फवारा तोंडावरच येत होता. सरकारने पाच कीटकनाशकांवर बंदी घातली, तीही ६० दिवसांपुरती. फवारणारे कितीतरी जण रोजाने आलेले मजूर होते. डबा विकत घेणारा वेगळा, हुंगणारा वेगळा, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. कारण आमच्या शेतातही पंप दुसऱ्याच्याच पाठीवर असतो.

एकदा ते काका फवारून आले आणि बांधावरच ओकायला लागले. आईने अंगावर पाणी ओतून त्यांचे कपडे बदलले, बाबांनी गाडीवर दवाखान्यात नेलं. वाचले.

‘बाबा, बंद करा ना हे,’ मी म्हणालो.

‘नाही मारलं तर घरी काय आणू, बोंडं की अळ्या? तुझी फी याच कापसातून भरली.’

खोटं नव्हतं ते. पुण्याहून मी मास्क, हातमोजे आणि चष्मा पाठवला. पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा काका म्हणाले, ‘उन्हात जीव गुदमरते बाप्पा त्याच्यात.’ मास्क खुंटीला होता. त्या दिवशी पंप मी उचलला. तासाभरात मीही मास्क काढला.