ऱ्हाईनवरून वाहून गेलेले जंगल

गोदावरीची लांबी १,४६५ किलोमीटर आणि ऱ्हाईनची सुमारे १,२३०. युरोपातल्या संदर्भग्रंथांत ऱ्हाईनचा आकडा अनेक वर्षे १,३२० असा छापला जात होता. कुठे तरी दोन आणि तीन या अंकांची अदलाबदल झाली आणि पुढच्यांनी ती तशीच उतरवून घेतली, हे २०१० साली एका जर्मन संशोधकाने दाखवून दिले. चुकीचा आकडा धरला तरी गोदावरीच लांब. पण ऱ्हाईनवर वर्षाला हजारो मालवाहू आणि प्रवासी बोटी चालतात, आणि आमच्या गेवराई, माजलगाव, परळी तालुक्यांच्या कडेने वाहणाऱ्या गोदावरीत उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी पायी पलीकडे जाता येते.

या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांनी ऱ्हाईनवरची बोट आणि ब्लॅक फॉरेस्टची सहल केली असेल. मराठी पर्यटन संस्थांच्या युरोप सहलींत या दोन गोष्टी बहुधा असतातच. मला हा योग २०२३ च्या मे महिन्यात आला. भाच्याच्या आग्रहाने बाझल ते ॲमस्टरडॅम अशा नदीप्रवासाला गेलो. दुसऱ्या दिवशी बोट ब्राइझाखला थांबली आणि बसने आम्हाला ‘ह्योलेंटाल’ म्हणजे नरकदरी या नावाच्या घळीतून टिटिझे तलावाकडे नेण्यात आले. कोकिळेची घड्याळे, चेरीचा केक आणि दोन्ही बाजूंना काळपट हिरवी उभी झाडे. बसमधले एक मराठी गृहस्थ म्हणाले, “यांना देवाने भरभरून दिलंय हो. आपल्याकडे बालाघाटावर काय, कुसळं.”

या वाक्याचा मी पुढे बराच पाठपुरावा केला. परतल्यावर वर्षभर जे काही वाचले त्यातून एवढे नक्की झाले की, बसच्या खिडकीतून दिसणारे ते जंगल त्यांना देवाने दिलेले नव्हते. देवाने दिलेले जंगल त्यांनी केव्हाच नदीवाटे विकून टाकले होते. आज दिसते ते दुसरे.

पहिले जंगल

ब्लॅक फॉरेस्ट हा नैर्ऋत्य जर्मनीतला सुमारे १६० किलोमीटर लांबीचा डोंगराळ पट्टा. त्याचे क्षेत्रफळ साधारण सहा हजार चौरस किलोमीटर. आमच्या बीड जिल्ह्याचे १०,६९३. म्हणजे हे जगप्रसिद्ध जंगल आमच्या जिल्ह्यात सहज मावेल. तिथे मूळचे जंगल बीच, फर आणि ओक यांचे होते. खाणी, काचेच्या भट्ट्या आणि कोळसा यांसाठी ते मध्ययुगापासून तुटत होते. पण सर्वांत मोठे गिऱ्हाईक दूर होते, हॉलंडमध्ये. दलदलीवर वसलेले ॲमस्टरडॅम लाकडी खांबांवर उभे आहे. सतराव्या शतकात बांधलेल्या तिथल्या नगरभवनाखाली, म्हणजे आजच्या राजवाड्याखाली, १३,६५९ खांब आहेत, हा आकडा तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतो. अशा खांबांसाठी, धक्क्यांसाठी आणि जहाजांसाठी लागणारे लाकूड काही नॉर्वे-बाल्टिककडून समुद्रमार्गे येई, तर काही ऱ्हाईनवरून.

लाकूड नदीपर्यंत आणण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. किंट्सिग, मुर्ग, एन्त्स, नागोल्ड या डोंगरी नद्या उथळ आहेत. त्यांच्यावर लाकडी बंधारे घालून पाणी साठवायचे आणि एकदम सोडायचे. त्या लोंढ्यावर सोटांचे तराफे खाली न्यायचे. तराफे बांधायला लोखंड वापरत नसत. कोवळी झाडे आणि फांद्या भट्टीत तापवून, पिळून त्यांचे दोर करत. आमच्याकडचा ऊसतोड कामगार उसाच्याच वाढ्याने मोळी बांधतो, तोच हा हिशोब. शिल्टाख, वोल्फाख ही गावे तराफेवाल्यांची. मुर्ग नदीवरच्या लाकूड व्यापाऱ्यांच्या मंडळीची नियमावली १४८८ सालची आहे आणि ती मंडळी आजही जंगलाची मालक म्हणून अस्तित्वात आहे.

मोठ्या ऱ्हाईनवर हे छोटे तराफे जोडून प्रचंड तराफा तयार होई. अठराव्या शतकातले असे तराफे काही शे मीटर लांब असत. वल्ही मारायला शेकडो माणसे, त्यांच्या झोपड्या, भटारखाना, कापायची जनावरे, सगळे त्या तराफ्यावरच. हॉलंडमधल्या डोर्ड्रेख्टला पोहोचल्यावर तराफा सोडून लाकूड विकले जाई आणि माणसे पायी घरी परतत. पैसा आला, पण डोंगर उघडे पडले. विल्हेल्म हाउफ या लेखकाची १८२७ सालची ‘थंड काळीज’ ही परीकथा याच मुलखातली आहे. त्यातला ‘हॉलंडवाला मायकेल’ हा राक्षसी लाकूड व्यापारी पैशाच्या बदल्यात माणसाचे काळीज काढून घेतो आणि तिथे दगड बसवतो. लोकांना हा व्यापार कसा दिसत होता, याची ही साक्ष. किंट्सिगच्या खोऱ्यातून जाणारी रेल्वे १८७३ साली पूर्ण झाली आणि त्या शतकाच्या अखेरीस तिथले तराफे थांबले.

नदीसुद्धा घडवलेली

ज्या नदीवरून हे जंगल गेले, तीही आज मूळची राहिलेली नाही. बाझलपासून खालची ऱ्हाईन पूर्वी अनेक फाट्यांत, बेटांत आणि वळणांत पसरून वाहत असे. पुराने गावे जात, दलदलीमुळे हिवताप असे. बाडेन राज्याचा अभियंता योहान टुल्ला याने १८१७ पासून तिची वळणे कापून ती सरळ करायला घेतली. काम १८७६ पर्यंत चालले. बाझल ते वर्म्स हे अंतर ८१ किलोमीटरने घटले. जमीन मिळाली, हिवताप हटला. मात्र पाणी वेगाने खाली जाऊ लागल्याने खालच्या गावांचे पूर वाढले, नदीचा तळ खोल गेला, आसपासच्या विहिरींचे पाणी उतरले. स्वतः टुल्ला १८२८ साली पॅरिसमध्ये वारला.

गोदावरीलाही असाच जलमार्ग करण्याचा बेत झाला होता. आर्थर कॉटन याने धवळेश्वरमचे धरण बांधल्यानंतर वऱ्हाडचा कापूस वर्धा-प्राणहिता-गोदावरीमार्गे समुद्राला न्यायचा, ही ती योजना. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. बंधारे आणि कालवे खोदण्यात बरीच वर्षे आणि बराच पैसा गेला. तोवर कापूस न्यायला रेल्वे आली आणि १८७१ साली काम बंद झाले. ही योजनाही आमच्या जिल्ह्यापासून फार खाली होती. बीडच्या इतिहासात गोदावरी वाट म्हणून कमी आणि आडकाठी म्हणूनच जास्त येते. १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनजवळ नदीला पूर होता. निजामाचे सैन्य दोन काठांवर विभागले गेले होते. अलीकडे राहिलेल्या तुकडीवर माधवराव पेशव्यांनी झडप घातली आणि त्यात निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. पूर नसता तर त्या लढाईचा निकाल काय लागला असता, हे सांगणे कठीण.

दुसरे जंगल आणि त्याची किंमत

उघड्या डोंगरांवर पुन्हा जंगल उभे राहिले ते कायद्याने आणि लागवडीने. सॅक्सनीतल्या खाणींचा अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ सालच्या ग्रंथात मांडले होते की, जेवढे वाढते तेवढेच तोडावे. बाडेन राज्याने १८३३ साली वनकायदा केला. जंगल मोडून शेत करायला परवानगी लागू लागली, तोडीवर बंधने आली. उघड्या उतारांवर लवकर वाढणारा स्प्रूस लावण्यात आला. बसमधून दिसणारी सरळ, एकसारखी झाडे बहुतांशी त्या लागवडीची वंशज आहेत.

या पुनरुज्जीवनाची किंमत कुणी दिली, हे सहलीत सांगत नाहीत. जंगलात गुरे चारणे, पाला गोळा करणे, वाळके सरपण उचलणे हे गरिबांचे जुने वहिवाटी हक्क आक्रसत गेले. ऱ्हाईनकाठच्या प्रशियन प्रांतात सरपण उचलणे ही चोरी ठरवणाऱ्या कायद्याची चर्चा झाली, तेव्हा कोलोनच्या एका वृत्तपत्रात १८४२ साली चोवीस वर्षांच्या एका तरुणाने त्यावर लेखमाला लिहिली. त्याचे नाव कार्ल मार्क्स. आर्थिक प्रश्नांकडे आपण वळलो ते या विषयामुळे, असे त्याने पुढे नमूद केले आहे.

आणि हे दुसरे जंगलही निर्धोक नाही. २६ डिसेंबर १९९९ च्या ‘लोथार’ वादळाने एकाच जातीची रांगेतली झाडे लक्षावधींनी आडवी केली. उष्ण, कोरड्या उन्हाळ्यांत साल पोखरणारा भुंगेरा स्प्रूसवर तुटून पडतो. २०१८ च्या ऑक्टोबरात ऱ्हाईनवरच्या काउबच्या मोजपट्टीवर पाणी अवघे २५ सेंटिमीटरवर आले होते आणि बोटी अडल्या होत्या. आता तिथले वनाधिकारी बीच, फर, ओक पुन्हा मिसळत आहेत. २०१४ साली सुमारे १०० चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यानही झाले, तेही स्थानिकांचा मोठा विरोध पत्करून.

बॉनहून बालाघाटाकडे

कोलोनच्या अलीकडे ऱ्हाईनच्या काठी बॉन लागते. डीट्रिश ब्रँडिस याचा जन्म १८२४ साली तिथला. वनस्पतिशास्त्र शिकवणारा हा माणूस १८५६ साली ब्रह्मदेशातल्या सागवानाच्या जंगलांवर नेमला गेला आणि १८६४ साली हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. त्याच्यामागून आलेले श्लिख आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच. रेल्वेचे स्लीपर आणि जहाजे यांसाठी लाकूड हवे होते. कार्लोविट्झपासून चालत आलेली विद्या त्या कामी आली.

मात्र इथे एक फरक पडला आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. ब्लॅक फॉरेस्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तिथले सुमारे ४० टक्के जंगल आज गावांच्या आणि शहरांच्या मालकीचे आहे, त्याहून थोडे कमी खासगी, आणि सरकारचे उरलेले जेमतेम चौथाई. गरिबांचे हक्क तिथेही गेले, पण गावाची मालकी राहिली. लाकूड विकले की पैसा नगरपालिकेच्या तिजोरीत येतो, म्हणून लावलेले झाड गावच राखते. हिंदुस्थानातही गावांसाठी वेगळी वने ठेवावीत, असे ब्रँडिसचे म्हणणे होते. १८७८ चा कायदा होताना बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याची बाजू सरशी ठरली: गावाची वहिवाट म्हणजे हक्क नव्हे, मालक सरकार. ‘ग्रामवन’ हे कलम कायद्यात राहिले, पण बहुतांशी कागदावरच. बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. ब्रिटिश कायदा इथे थेट लागू नव्हता, तरी राखीव जंगल आणि वनखात्याची घडण त्याच नमुन्यावर झाली.

आज बीड जिल्ह्यातले वनक्षेत्र दोन-तीन टक्क्यांपलीकडे जात नाही. पाटोदा तालुक्यातले नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ सालचे, सुमारे ३० चौरस किलोमीटरचे. धारूर-अंबाजोगाईच्या डोंगरात सीताफळ, पळस, धावडा, खैर आहे. कुसळेच आहेत असे नाही. पाऊस साडेसहाशे-सातशे मिलिमीटर. ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावर याच्या दुपटीहून अधिक पडतो. तेव्हा इथे स्प्रूससारखे दाट रान उगवावे, अशी अपेक्षा कुणी करू नये. पण सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा या नद्या याच बालाघाटाच्या उतारावरून निघतात, आणि उतार उघडा असला की पाणी आणि माती दोन्ही एकदम खाली जातात.

मग झाडे लावायची कुठे? गावाकडे उरलेली सामाईक जमीन म्हणजे गायरान. १९८२ पासून सामाजिक वनीकरण खात्याने लागवडीसाठी बघितली तीही बहुधा गायरानेच. पण मराठवाड्यात गायरान रिकामे नाही. सातबारावर जमीन नसलेल्या दलित आणि भटक्या कुटुंबांनी ते पिढ्यान्‌पिढ्या कसले आहे. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने बीडमधून याच हक्कासाठी लढा दिला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये झाला, तरी कित्येकांचे नाव उताऱ्यावर चढलेले नाही. अशा जमिनीत वनखात्याने खड्डे खोदले की १८४२ चा सरपणाचा प्रश्न आपल्या दारात येतो. ज्याचे गायरान जाते तो कोयता घेऊन, मुकादमाची उचल घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागतो, आणि मागे राहिलेल्या रोपाला पाणी घालायला कुणी उरत नाही.

दुसरी वाट शक्य आहे, हे याच गोदावरीच्या खोऱ्यात दिसले आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक हक्क मिळाले. तिथला बांबू ग्रामसभा विकते आणि जंगलही तीच राखते. बीडमध्ये राखायला तेवढे जंगल नाही, पण तत्त्व तेच लागू पडते. गायरान कसणाऱ्यालाच त्यावरच्या झाडांचा मालक केले, बांधावर सीताफळ, कडुनिंब, बाभूळ, खैर लावायला त्यालाच दिले आणि उत्पन्नही त्याचेच ठेवले, तर तो ते झाड बकरीच्या तोंडी जाऊ देणार नाही.

आपल्याकडे दर पावसाळ्यात किती कोटी झाडे लावली, याचे आकडे जाहीर होतात. ब्लॅक फॉरेस्टचा इतिहास वाचल्यावर मला तो आकडा दुय्यम वाटतो. लावलेले झाड कुणाच्या सातबाऱ्यावर आहे, हे आधी विचारायला हवे.