कच्चे मडके कोण?

घोड नदी शिरूर तालुक्यातून वाहत पुढे भीमेला मिळते. तिच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांनी १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केले, तेव्हा इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तिथे कुंभाराची भट्टी मिळाली, तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी काढलेली भांडी मिळाली, तोटीची पात्रे मिळाली. घरांच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलेही मिळाली. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली आणि आत एवढेसे मूल. एका मोठ्या माणसाला तर चार पायांच्या, माणसाच्या धडासारख्या दिसणाऱ्या मातीच्या रांजणात बसवून पुरले होते. उत्खनकांनी वस्तीच्या रचनेवरून आणखी एक गोष्ट दाखवून दिली. सधन शेतकऱ्यांची घरे वस्तीच्या मध्यभागी होती, आणि कुंभार, सोनार यांच्यासारखे कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत होते. धान्य साठवायला, पाणी भरायला, अन्न शिजवायला आणि मेलेल्या लेकराला कुशीत घ्यायला ज्याच्या हातची भांडी लागत, तो माणूस तीन हजार वर्षांपूर्वीही गावाच्या कडेलाच होता. मराठीत कुंभारावर, त्याच्या गाढवावर आणि मडक्यावर जे विनोद झाले, ते समजून घ्यायचे तर या दोन गोष्टी एकत्र धराव्या लागतात. कुंभारावाचून गावाचे एक पाऊल पुढे पडत नाही, आणि तरी गाव त्याला मध्यभागी जागा देत नाही.

या विनोदाचा सरळ अर्थ असा लावला जातो की, वरच्यांनी खालच्यांची केलेली ही टिंगल आहे. गाढव, उकिरडा, चिखल, फुटके खापर असे सगळे हिणवायचे सामान कुंभाराच्या दारात आयतेच पडलेले, आणि गाव त्यावर हसत आले. यात तथ्य नाही असे कोणी म्हणू नये. पण एवढ्यावर थांबले तर पुरावा अर्धाच वाचला जातो. माझे म्हणणे असे आहे की, कुंभारकामावरचा मराठी विनोद मोठ्या प्रमाणात त्या कामाच्या आतून आलेला आहे. तो करणाऱ्याला आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, कशी रचतात, माती कशी मुरते, मडके कधी वाजते हे नेमके माहीत आहे. आणि या विनोदाचे जे सर्वांत गाजलेले नमुने आहेत, त्यांत हसू होते ते कुंभाराचे नाही. कुंभार तिथे परीक्षक असतो.

आधी म्हणी पाहू. ‘कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच’ ही म्हण आज आपण ‘टाळलेले काम शेवटी करावेच लागते’ एवढ्या अर्थाने वापरतो आणि उकिरड्याच्या घाणीवर हसून मोकळे होतो. पण सून उकिरड्यावर का येणार? कुंभाराचा आवा पेटतो तो काटक्या, गोवऱ्या, भुसकट, पाचोळा आणि गावाने टाकून दिलेल्या केरकचऱ्यावर. मातीतही नुसती माती चालत नाही. राख, घोड्या-गाढवांची लीद, बारीक भुसा मिसळल्याशिवाय मडके वाळताना तडकते. म्हणजे गावाने बाहेर फेकलेले जे काही आहे तेच कुंभाराचे भांडवल. नव्या नवरीने चार दिवस डोक्यावर पदर घेऊन घरात बसावे, पाचव्या दिवशी तिला पाटी घेऊन निघावेच लागते, कारण आवा तिच्यासाठी थांबत नाही. ही गोष्ट ज्याने बाहेरून पाहिली त्याला फक्त उकिरडा दिसेल. आव्याचे वेळापत्रक ज्याला माहीत आहे त्यालाच ‘येईलच’ या शब्दातला ठामपणा सुचतो. ही म्हण सासूची आहे, आणि ती सासूही एके काळी त्याच वाटेने गेलेली.

कच्च्या मडक्याचेही तसेच. मडके विकत घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारून वाजवून घ्यायचे ही रीत अजून कुठल्याही आठवडी बाजारात दिसते. भाजलेले मडके खणखणते. कच्चे राहिलेले किंवा बारीक तडा गेलेले बद्द वाजते. अपुऱ्या माणसाला ‘कच्चे मडके’ म्हणायचे ते याच आवाजावरून, आणि मराठीत या शब्दाची सर्वांत मोठी गोष्ट तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांची आहे. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली होती. तिथे पडलेल्या थापटण्याकडे बोट दाखवून मुक्ताबाईंनी हे काय म्हणून विचारले. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे उत्तर आल्यावर, मग आमच्यातले कच्चे कोणते तेही सांगा, असे त्या म्हणाल्या. गोरोबा उठले आणि एकेका संताच्या डोक्यावर थापटणे मारत निघाले. सगळ्यांनी निमूट सोसले. नामदेवांनी हरकत घेतली, आणि हे मडके कच्चे असा निकाल लागला. पुढे नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांना गुरू करायला गेले, हा कथेचा उत्तरार्ध सर्वांना ठाऊक आहे.

या गोष्टीत एक बारकावा आहे, आणि तो कुंभारकाम जवळून पाहिल्यावरच ध्यानात येतो. थापटणे हे भाजलेले मडके तपासायचे हत्यार नाही. चाकावरून उतरवलेले मडके थोडे सुकले, अजून ओलसर असले, की डाव्या हाताने आतून दगडी गोळा धरायचा आणि उजव्या हाताने बाहेरून थापटणे मारत जायचे. तसे केल्याने जाड बूड पातळ होते, पोट गोल होते, माती घट्ट बसते. म्हणजे थापटण्याचा मार सोसायचा काळ हा मडके कच्चे असतानाचाच. गोरोबांनी संतांच्या डोक्यावर थापटणे चालवले त्याच क्षणी त्यांनी सगळ्यांनाच ओल्या मातीत जमा केले होते. फरक एवढाच की, बाकीच्यांनी मार अंगी लावून घेतला आणि नामदेवांनी कुरकुर केली. आणि कुंभाराच्या हाताखाली कुरकुरणारे मडके म्हणजे जिथे माती नीट मळली गेली नाही ते. हा विनोद कारागिराचा आहे. शास्त्र जाणणाऱ्या, कीर्तने करणाऱ्या, देवाशी बोलणाऱ्या मंडळींचा निकाल लावायला इथे कोणी पंडित बोलावलेला नाही. बोलावले आहे ते चिखलाने माखलेल्या हाताला.

यावर कोणी म्हणेल की ही भक्तिकथा आहे, गुरुमहिमा सांगणारी, तिला विनोद म्हणणे हा तिचा अपमान होईल. मला तसे वाटत नाही. वारकरी परंपरेत हसू आणि भक्ती यांचे वैर कधीच नव्हते. एकनाथांची भारुडे त्याची साक्ष आहेत. पुढच्या काळात डोक्यावर खापर आणि हातात काठी घेऊन फिरणाऱ्या, गाडग्यावरूनच नाव पडलेल्या गाडगेबाबांनी गावोगावच्या लोकांना कीर्तनात हसवत हसवतच नवससायास आणि कर्जबाजारीपणाबद्दल प्रश्न विचारले. गोरोबांच्या कथेतला अहंकाराचा धडा जर नुसत्या उपदेशात सांगितला असता, तर तो शेकडो इतर उपदेशांसारखा विसरला गेला असता. डोक्यावर बसणाऱ्या थापटण्याचा आवाज मात्र प्रत्येक ऐकणाऱ्याला ऐकू येतो, आणि ऐकणारा हसताना स्वतःचे डोके चाचपतो. या कथेचे सामर्थ्यच त्या आवाजात आहे.

आणखी एक जुना चुटका घरोघरी सांगितला जातो. एका बापाच्या दोन लेकी, एक माळ्याला दिलेली, एक कुंभाराला. माळीण म्हणते पाऊस पडू दे, कुंभारीण म्हणते ऊन पडू दे, आणि बाप देवापुढे काय मागावे या पेचात. गोष्ट इसापाच्या नावावरही आहे आणि जगभर फिरलेली आहे. पण ती दौंडसारख्या अवर्षणाच्या पट्ट्यात सांगितली की तिला वेगळीच धार येते. इथला कुंभार बारा बलुतेदारांपैकी एक होता, आणि बहुतेक याद्यांत मधल्या ओळीतला. मडके, घागर, डेरा, रांजण, पणती, संक्रांतीची सुगडे, बोहल्याच्या कोपऱ्यांवरची उतरंड, प्रेतापुढचे मडके हे सगळे तो वर्षभर पुरवत असे, आणि त्याबदली सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घेत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ साली आले, त्यात या देण्याघेण्याचा आणि त्यातल्या कुरबुरींचा हिशेब बारकाईने मांडलेला आहे. आता पाहा. ऊन पडले तर मडकी वाळतात, आवा लागतो. पाऊस पडला नाही तर खळ्यावर धान्यच येत नाही, आणि बलुते कोरडे जाते. म्हणजे खऱ्या कुंभाराला ऊन आणि पाऊस दोन्ही हवे होते. चुटक्यातला बाप दोन लेकींमध्ये अडकला आहे, पण बलुतेदारीतला कुंभार एकटाच त्या दोन्ही लेकींच्या जागी उभा आहे. चुटका हसवतो तो कुंभारणीच्या भाबडेपणामुळे असे वाटते, पण त्याखाली कोरडवाहू गावाचे अर्थशास्त्र आहे.

कुंभाराची उघड टिंगल करणाऱ्या गोष्टी आपल्याकडे नाहीत असे नाही, आणि त्यांच्याशी ताडून पाहिल्यावरच मराठी गोष्टींचे वेगळेपण दिसते. पंचतंत्रात युधिष्ठिर नावाचा कुंभार आहे. दारूच्या नशेत तो फुटक्या खापरांवर पडतो, कपाळावर मोठा व्रण राहतो. राजाला वाटते हा रणातला घाव, आणि तो त्याला वीर म्हणून मान देतो. युद्धाची वेळ आल्यावर कुंभार खरे सांगून टाकतो, आणि दरबारातून हाकलला जातो. इथे हसू कुंभाराचे आहे. ज्याने आपली पायरी सोडली त्याला ती दाखवून दिली, एवढाच निष्कर्ष. आता याच्याशेजारी ‘गाढवाचं लग्न’ हे वगनाट्य ठेवू. हरिभाऊ वडगावकरांनी लिहिलेल्या आणि मावळातल्या इंदुरीच्या दादू इंदुरीकरांनी अजरामर केलेल्या या वगात सावळ्या कुंभार आणि त्याची बायको गंगी यांच्या घरी शापित गंधर्व गाढव होऊन राहतो, आणि त्याला राजकन्या हवी असते. मुळात ही जुनी गंधर्वसेनाची दंतकथा, विक्रमादित्याच्या जन्माशी जोडलेली. पण तमाशाने तिचा रोख बदलला. दंतकथेत मोठेपणा गंधर्वाचा. वगात प्रेक्षक बघतो ते सावळ्याला. आपल्या गाढवासाठी राजाकडे मुलगी मागायला निघालेला हा माणूस घाबरतो, फुशारकी मारतो, गंगीची बोलणी खातो आणि तरी दरबारात जाऊन उभा राहतो. पंचतंत्रातला कुंभार दरबारातून बाहेर पडतो, वगातला कुंभार दरबारात शिरतो, आणि तिथे गेल्यावर दरबारच हास्यास्पद दिसू लागतो. यात्रा-जत्रांत हा वग पाहणाऱ्या शेतकऱ्या-बलुतेदारांना नेमके कशाचे हसू येत होते, ते ओळखणे अवघड नाही.

तरीही आक्षेप उरतोच, आणि तो गंभीर आहे. सावळ्याला दरबारात नेऊन तमाशाने चार घटका हसवले, पण दुसऱ्या दिवशी सावळ्या गावाच्या कडेलाच राहिला. ‘गाढव’ ही शिवी राहिली. मग हा विनोद म्हणजे दबलेल्यांना दिलेली तात्पुरती मोकळीक नव्हती काय? मी याचे उत्तर ‘होय, पण’ असे देईन. विनोदाने जात मोडली नाही. विनोदाकडून तेवढी अपेक्षाही करू नये. पण कुंभाराच्या कामाने मराठीला एक शब्द दिला, आणि तो शब्द त्याच व्यवस्थेवर उलटला. उतरंड म्हणजे मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर आणखी लहान अशी रचलेली रास. ‘जातीची उतरंड’ हा शब्दप्रयोग आज प्रत्येक वृत्तपत्रात सापडतो. ज्याने घरात उतरंड रचलेली पाहिली आहे त्याला माहीत असते की, वरचे बोळके कितीही रंगवलेले असले तरी ते हलके असते, सगळा भार तळच्या डेऱ्यावर असतो, आणि तळचा डेरा जागचा हलला की वरचे काहीच शाबूत राहत नाही. समाजरचनेचे इतके अचूक चित्र एखाद्या सिद्धान्तातूनही क्वचितच मिळेल. ते कुंभारघरातून आले.

भाषेत असे किती शब्द शिरले आहेत याचा हिशेब ठेवणे कठीण आहे. दोष दुसऱ्याच्या माथी मारायचा तर आपण खापर फोडतो. न ऐकणाऱ्याला सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पणजोबाच्याही मागच्या पिढीला खापरपणजोबा म्हणतो. शिरूरच्या हद्दीला लागून निघोजजवळ कुकडीने खडकात खोदलेल्या खोल गोल कुंडांना रांजणखळगे म्हणतात. नदीने हजारो वर्षे केलेल्या कामाला नाव द्यायची वेळ आली, तेव्हाही लोकांना कुंभाराचेच भांडे आठवले. दुसरीकडे प्रत्यक्ष भांडी मात्र घरातून गेली. तांब्या-पितळेच्या, मग अ‍ॅल्युमिनियम-स्टीलच्या आणि शेवटी प्लॅस्टिकच्या भांड्यांनी घागर आणि डेरा हटवला. मंगळुरी कौलांनी गावच्या कुंभाराचे कौल हटवले. बलुते रोख पैशात बदलले, आणि भीमेकाठच्या मातीचा मोठा ग्राहक आता वीटभट्टी आहे. वीटभट्टीवर गाढवे अजूनही दिसतात, पण विटेला कोणी टिचकी मारून आवाज ऐकत बसत नाही.

उन्हाळ्यात दौंडच्या बाजारपेठेत रस्त्याकडेला माठांची रास लागते. गिऱ्हाईक वाकते, एक माठ उचलते, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे पेर त्याच्या पोटावर मारते आणि कान जवळ नेते. विकणारी बाई तोवर बोलत नाही. माठ खणखणला तर भाव सुरू होतो, बद्द वाजला तर तो खाली ठेवून दुसरा उचलला जातो.