‘अनरूली’ आणि आपला रूळ

‘अनरूली’ हें इंग्रजी विशेषण आपल्या कानांवरून अनेकदां जातें. दंगेखोर मूल, न बसणारे केस, खवळलेला जमाव, या साऱ्यांस इंग्रज हा एकच शब्द लावतो. कोशांत ‘अनावर’ हा अर्थ मिळतो. परंतु शब्दाचें कूळ शोधलें म्हणजे अधिक कांहीं हातीं लागतें.

या शब्दाच्या पोटांत एक काठी आहे. लॅटिन भाषेंत ‘रेगुला’ म्हणजे सरळ पट्टी. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्टानें मठवासीयांसाठीं आचारनियम घालून दिले, त्यांसही ‘रेगुला’ हेंच नांव पडलें. पट्टीचा असा नियम झाला. तोच फ्रेंचमधून इंग्रजींत ‘रूल’ होऊन आला, आणि नियमांत न राहणारा तो ‘अनरूली’ ठरला. आपल्या शाळेंतला रूळ याच घराण्यांतला!

आतां वाक्यांतील उपयोग पहा. शेक्सपिअरच्या ‘दुसरा रिचर्ड’ या १५९७ सालीं छापलेल्या नाटकांत एक माळी जर्दाळूच्या लोंबत्या फांद्यांस, बापाला वाकविणाऱ्या ‘अनरूली’ पोरांची उपमा देतो. १६११ च्या इंग्रजी बायबलांत तें विशेषण जिभेस लाविलें आहे. २०१७ सालीं भारतांत विमानप्रवाशांसाठीं नियम झाले, त्यांत तर या वर्तनाच्या ३ पायऱ्या पाडल्या: शिवीगाळीस ३ महिन्यांपर्यंत प्रवासबंदी, अंगावर हात टाकल्यास ६ महिन्यांपर्यंत, आणि जिवावर बेतणाऱ्या कृत्यास निदान २ वर्षें.

माळी असो, धर्मोपदेशक असो वा अंमलदार असो, हा शब्द उच्चारणारा बहुधा नियम ज्याच्या हातीं तोच असतो. ज्याला तो लागतो, त्याचें म्हणणें वाक्यांत येत नाहीं. आपला ‘उद्दाम’ शब्दही तसाच. दाम म्हणजे दावें. तें तोडून निघाला तो उद्दाम. दावें कोणी बांधलें आणि किती आंवळलें, हें तो शब्द सांगत नाहीं.

मास्तर असतांना मींही एका मुलाच्या प्रगतिपुस्तकांत हा शब्द लिहिला होता. कितीही हांका मारल्या तरी तो वळून पाहत नसे. वर्ष सरल्यावर कळलें कीं, त्याला ऐकूंच कमी येत होतें. प्रगतिपुस्तक तोंवर घरीं गेलें होतें, आणि त्याबद्दल त्यानें मारही खाल्ला होता.

तेव्हां हा शब्द वाक्यांत घालण्यापूर्वीं आपल्या हातचा रूळ सरळ आहे ना, एवढें पाहून घ्यावें.